आंब्याच्या खोडावर दोन कुऱ्हाडी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. आमच्या वाडीतला जुना रायवळ आंबा, दोन फणस आणि बरीचशी नारळ-पोफळ आडवी झाली. पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नव्हता, आणि तो होईपर्यंत पाऊस लागला. यांत्रिक करवत असलेली माणसं आसपासच्या गावांत गुंतलेली, वीज गेलेली, त्यात लॉकडाऊन. हाताशी होत्या त्या घरातल्या दोन कुऱ्हाडी.

एक वडिलांच्या वेळची. वर्षानुवर्षं घासून तिचं पातं पातळ आणि दोन्ही बाजूंनी सपाट झालेलं. दुसरी नवी, बाजारातून आणलेली, जाडजूड, अजून रंग न गेलेली. आंब्याच्या बुंध्यावर दोघींची तऱ्हा वेगळी. जुनी पहिल्याच घावाला खोल जायची आणि तिथेच रुतायची. मग दांडा वरखाली हलवत तिला सोडवत बसायचं. नवी रुतायची नाही, कारण आतच जायची नाही. घाव मारला की उसळायची, आणि खोडावर चेचल्यासारखी खूण राहायची. गंमत म्हणजे नवीची धार वाईट नव्हती. वर्तमानपत्राचा कागद ती सहज कापत होती.

म्हणजे दोष धारेत नव्हता. गावातल्या लोहाराकडे जुनी शेवटायला, म्हणजे धार करून घ्यायला, दिली होती, तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊ, धार सगळेच बघतात. मागचा उतार बघा." तेव्हा ते कानामागे गेलं होतं, आता जाडी मोजायचं कॅलिपर काढून बसलो. धारेपासून १० मिलिमीटर मागे नव्या कुऱ्हाडीची जाडी सात मिलिमीटरच्या थोडी वर भरली. त्रिकोणमितीने हिशेब केला तर दोन्ही बाजू मिळून कोन जवळपास ४० अंश. शिवाय उतार जिथे संपून पातं सुरू होतं, तिथे स्पष्ट कंगोरा. घाव बसला की धार थोडी आत जायची, तेवढ्यात हा कंगोरा लाकडावर आपटायचा आणि हाताचा सगळा जोर तिथेच संपायचा. २५ अंशांचा कोन हवा असेल तर त्याच जागी जाडी साधारण साडेचार मिलिमीटर हवी.

तोडताना कुऱ्हाडीला दोन कामं करायची असतात. आधी लाकडाचे उभे तंतू आडवे कापायचे, मग कापलेला तुकडा उचकटून बाहेर फेकायचा. पहिलं काम बारीक कोनाचं. दुसरं काम त्यामागच्या पोटाचं, म्हणजे पात्याच्या मधोमध ठेवलेल्या हलक्या फुगवट्याचं. जुन्या कुऱ्हाडीला हे पोट उरलंच नव्हतं. सपाट पात्याची अख्खी बाजू लाकडाला चिकटते आणि ओलं लाकूड दोन्हीकडून तिला आवळून धरतं. पोट असलं की पातं मोजक्याच जागी टेकतं, ढलपीला बाहेर ढकलतं आणि स्वतः सुटतं. मला हवी होती ती धार पातळ आणि मध्ये पोट असलेली कुऱ्हाड. ती नवीतूनच काढता येणार होती. जुनीत लोखंड भरणं आपल्या हातचं नाही.

वीज नव्हती ते एका अर्थी बरंच. ग्राइंडरच्या गोल चाकावर उतार आतून पोकळ होतो आणि धार कमजोर पडते. त्यातून पातळ कड तापून निळी झाली की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलंच म्हणायचं. मी मोठी चपटी कानस घेतली. कुऱ्हाड जाड ओंडक्यावर दोन पाचरींमध्ये घट्ट अडकवली, हातात चामडी मोजे घातले. कानस फक्त पुढे ढकलताना दाबायची, परत आणताना उचलायची. मागे घासली तर तिचेच दात जातात. कानस पोलादाला नीट लागत होती, म्हणजे कड फार कडक आणि ठिसूळ नव्हती.

घासायचं कुठे हे कळावं म्हणून उतारावर स्केचपेनने काळं केलं. आधी कंगोरा उतरवला. मग पंख्याच्या काड्या पसरतात तसे फटके मारले: धारेच्या मध्यापासून मागे, आणि दोन्ही टोकांकडे तिरपे. त्याने टोकांना लोखंड थोडं कमी होतं आणि मधलं पोट राहतं. हे काम कंटाळवाणं आहे. घाई केली की एक बाजू जास्त उतरते, म्हणून थोडं घासलं की पालथी घालून दुसरी बाजू. जाडी सुमारे साडेचारवर आली तेव्हा कानस ठेवली आणि कोरंडमच्या दगडावर पाणी टाकून गोल गोल फिरवत उरलेले कंगोरे मिटवले. अगदी शेवटच्या कडेला मात्र ३० अंशांच्या आसपास एक बारीकशी धार वेगळी दिली, कारण पुढे नारळ होते.

आंब्यावर फरक लगेच दिसला. खाच बुंध्याच्या जाडीइतकी रुंद आखून घेतली, एकदा डावीकडून तिरपा घाव, एकदा उजवीकडून. पूर्वी भुगा उडायचा, आता तळहाताएवढ्या ढलप्या पडू लागल्या. फणसाला वेगळीच अडचण होती: चीक. पात्यावर त्याचा थर बसला की घासून मिळवलेला गुळगुळीतपणा जातो, म्हणून रॉकेलचा बोळा जवळ ठेवला. नारळाचं खोड तर उलटंच, बाहेरचा भाग दाट आणि कठीण, गाभा मऊ. ३० अंशांची कड तिथे टिकली, तरी आंब्याच्या मानाने फार लवकर बोथट व्हायची आणि पुन्हा दगड घ्यावा लागायचा.

जुनी कुऱ्हाड आता फांद्या छाटायला ठेवली आहे. बारीक लाकडात रुतण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तिच्याइतकी सफाईने फांदी कुणी उडवत नाही. ओंडके फोडायला मात्र दोन्ही निरुपयोगी. तिथे तंतू कापायचे नसून फाकवायचे असतात, त्याला जाडच हवं. शेजाऱ्यांनी फणसाचे तुकडे फोडायला माझी नवी नेली आणि अर्ध्या तासात परत आणून दिली, रुततेय म्हणाले. त्यांना लोखंडी पाचर आणि घण दिला.