उत्तराचे बटण नसलेली चर्चा

२०१५ च्या एप्रिल महिन्यात दहा लाखांहून अधिक ईमेल दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, गेले. त्यांतला एक माझा होता. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक द्यावी की नाही, हा त्या वेळचा वादाचा मुद्दा होता आणि ट्रायने ११८ पानांचे सल्लामसलत-पत्र काढून त्यात २० प्रश्न विचारले होते. एवढी पाने कोण वाचणार? काही जाणकार स्वयंसेवकांनी त्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवली होती. मी त्यांतली दोन वाक्ये बदलली, खाली नाव घातले आणि नागरिक म्हणून आपण काहीतरी केले, या समाधानात जेवायला बसलो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ट्रायने संकेतस्थळानुसार डेटाचे दर वेगळे ठेवण्याविषयी पुन्हा सूचना मागवल्या, तेव्हा फेसबुकने ठरावीक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूने मोहीम चालवली आणि एकाच मजकुराचे लाखो संदेश ट्रायकडे जाऊन पडले. विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर त्या संदेशांत नव्हते. अर्थपूर्ण सल्लामसलतीचे रूपांतर या मोहिमेने एका घडवून आणलेल्या, निव्वळ डोकी मोजणाऱ्या जनमत चाचणीत केले आहे, अशा आशयाचे कडक पत्र ट्रायने फेसबुकला पाठवले; आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. निर्णयाचा मला आनंद झाला, पण ते पत्र वाचून मी थोडा ओशाळलोही होतो. माझा ईमेल तरी काय वेगळा होता? प्रश्नांना धरून उत्तरे होती, एवढाच फरक, आणि तोही माझ्या कर्तृत्वाचा नव्हता. त्याहून खटकणारी गोष्ट अशी की त्या दहा लाखांपैकी कोणी दुसऱ्याचा ईमेल वाचून आपले मत तपासण्याची सोयच तेथे नव्हती. प्रत्येकाने सरकारच्या दारात आपापली चिठ्ठी टाकली होती, आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आपल्याकडे ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की ते वाचताना डोळा अडखळतही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांच्या हरकती मागवाव्याच लागतात. मी एकदा, ज्या शहराचे नाव सांगण्याची गरज नाही अशा शहरात, एका मैदानावरील आरक्षण बदलण्याविरुद्ध हरकत घेतली होती. सुनावणीला बोलावले, दोन-तीन मिनिटे ऐकून घेतले, ‘नोंद घेतली आहे’ असे सांगितले. बाहेर बाकावर माझ्यासारखेच बरेच लोक आपापल्या क्रमांकाची वाट पाहत बसले होते. त्यांच्यातल्या निम्म्यांची हरकत त्याच मैदानाविषयी होती, हे मला तेथे बसून गप्पा मारताना कळले. कार्यालयाच्या फायलींत मात्र आम्ही सुटे सुटे होतो.

या बाकावरच्या गप्पांना जर कोणी रीतसर यंत्रणेचे रूप दिले असेल, तर ते तैवानने. तेथील कथा एका भांडणापासूनच सुरू होते. चीनबरोबरच्या सेवा-व्यापार कराराची संसदीय छाननी पूर्ण झाली, असे समितीच्या अध्यक्षांनी मार्च २०१४ मध्ये अवघ्या अर्ध्या मिनिटात जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, विद्यार्थी संसदेत शिरले. तीन आठवड्यांहून अधिक काळ त्यांनी सभागृह सोडले नाही. २०१२ पासून सरकारी माहिती लोकांना कळेल अशा रूपात मांडणारा ‘गव्ह-झिरो’ हा संगणक-जाणकारांचा स्वयंसेवी समूह त्या काळात सभागृहातले थेट प्रक्षेपण सांभाळत होता. डिसेंबर २०१४ मध्ये मंत्री जॅक्लिन त्साय या समूहाच्या मेळाव्याला स्वतः गेल्या आणि नव्या कायद्यांवर लोकांना समंजसपणे चर्चा करता येईल अशी जागा तयार करून द्या, असे त्यांनी सांगितले. त्यातून ‘व्ही-तैवान’ उभे राहिले.

त्यांनी वापरलेल्या साधनाचे नाव ‘पोलिस’ असे आहे. (मराठी माणसाला या नावाने खाकी वर्दी आठवणार, त्याला इलाज नाही, साधन अमेरिकेत सिॲटल येथे बनले आणि त्याचा वर्दीशी काहीही संबंध नाही.) त्याची रचना पाहण्यासारखी आहे. चर्चेत येणारा माणूस इतरांनी लिहिलेली छोटी विधाने एकेक करून वाचतो आणि प्रत्येकाला सहमत, असहमत किंवा ‘पुढे चला’ असे सांगतो. हवे असल्यास स्वतःच्या एखाद्या विधानाची भर घालतो. दुसऱ्याच्या विधानाला थेट उत्तर देण्याचे बटण मात्र ठेवलेलेच नाही. एखादे विधान पटले नाही तर त्याहून चांगले विधान लिहावे आणि ते लोकांपुढे ठेवावे, एवढाच मार्ग उरतो. सर्व सहभागी पडद्यावरच्या एका नकाशावर ठिपक्यांसारखे मांडलेले असतात; ज्यांची मते सारखी पडतात ते एकमेकांजवळ दिसतात, त्यातून गट आपोआप उमटतात, आणि आपण स्वतः कुठे उभे आहोत हेही दिसते. एकाच गटाने कितीही माणसे आणून ओतली तरी त्यांचा ठिपक्यांचा पुंजका मोठा होतो, इतकेच. सर्व गटांत मान्य झालेली विधाने ही वेगळी यादी असते आणि तिच्यात जागा मिळवायची तर विरुद्ध बाजूच्या माणसालाही पटेल असे लिहावे लागते. ट्रायकडे पडलेल्या लाखो एकसारख्या संदेशांचे येथे काय झाले असते, याचा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो हे वाचतानाच.

२०१५ च्या उन्हाळ्यात या पद्धतीने उबरचा प्रश्न घेतला गेला. खासगी गाडीने भाड्याची वाहतूक करावी की नाही, यावर टॅक्सीचालक आणि उबरचे प्रवासी यांचे दोन तट पडले होते आणि सुरुवातीला नकाशावरही ते तसेच दिसले. पण विधाने वाढत गेली तशी ‘उबर हवे की नको’ ही भाषा मागे पडली आणि प्रवाशांचा विमा, चालकांचा परवाना, कराची वसुली अशा ठोस गोष्टी पुढे आल्या. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ९५ टक्के, सहमती ज्या विधानांना मिळाली त्यांत एकाचा आशय असा होता की या निमित्ताने सरकारने टॅक्सी-व्यवसायालाच आपले व्यवस्थापन आणि दर्जा सुधारायला भाग पाडावे. असे काही कोणत्याही पक्षाच्या फलकावर लिहिलेले नव्हते. पुढे मंत्रालये, उबर आणि टॅक्सी संघटना यांची बैठक थेट प्रक्षेपणासह झाली आणि तिथे चर्चेचा आरंभ या मान्य मुद्द्यांपासून करण्यात आला. २०१६ मध्ये ॲपवरून बोलावता येणाऱ्या, ठरावीक रंगाची सक्ती नसलेल्या टॅक्सींसाठी नवे नियम आले.

यानंतर सगळे गोड झाले असे मात्र नाही. जबर दंडामुळे फेब्रुवारी २०१७ मध्ये उबरने तेथील सेवा थांबवली, एप्रिलमध्ये भाड्याच्या गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांच्या साथीने ती परतली, आणि २०१९ मध्ये नियमांवरून पुन्हा रस्त्यावर आंदोलने झाली. व्ही-तैवानच्या निष्कर्षांना कायद्याचे बंधन नव्हते. मंत्र्यांची इच्छा असेपर्यंत ते चालले आणि २०१८ नंतर त्याचा वापर ओसरला. ऑड्री टँग या गव्ह-झिरोतल्या कार्यकर्त्या २०१६ मध्ये मंत्री झाल्या, तरीही हे टळले नाही. माझ्या मते खरी मेख इथे आहे: साधन कितीही चतुर असो, निर्णय घेणाऱ्याने ‘तुमच्यात जे एकमत होईल त्यावर मी बोलेन’ असे आधी कबूल केलेले नसेल, तर लोकांचे कष्ट वाया जातात. आइसलँडने २०११ मध्ये नव्या राज्यघटनेचा मसुदा इंटरनेटवर लोकांच्या सूचना घेत तयार केला, २०१२ च्या जनमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी त्याला पाठिंबा दिला, आणि तरीही संसदेने तो मंजूर केला नाही.

आपल्याकडे याआधी आणखी एक पायरी चढायची आहे, ती भाषेची. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या अधिसूचनेचा मसुदा प्रथम इंग्रजी आणि हिंदीतच निघाला होता. तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. रत्नागिरीतल्या मच्छीमाराला किंवा चंद्रपूरच्या खाणीशेजारच्या शेतकऱ्याला जो मसुदा वाचताच येत नाही, त्यावर त्याने सहमत म्हणावे की असहमत?

आमच्या इमारतीचा पुनर्विकास गेली चार वर्षे अडला आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर दोन तट आहेत आणि रात्री अकरानंतर तिथे जे लिहिले जाते ते सकाळी सरबत समजून प्यावे लागते. गेल्या दिवाळीनंतर मी समितीच्या परवानगीने हे साधन तिथे मराठीत लावून पाहिले. तळमजल्यावरच्या आजींना फोन नीट वापरता येत नाही, म्हणून त्यांची विधाने मी विचारून लिहून घेतली आणि इतरांची त्यांना वाचून दाखवली. अध्यक्षांकडून एवढेच आधी वदवून घेतले होते की ज्यावर दोन्ही बाजू सहमत होतील तो मुद्दा पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला घेतला जाईल. तीन आठवड्यांत ४१ विधाने आली. वाढीव क्षेत्रफळ किती मागायचे, यावर लोक पूर्वी होते तितकेच दुभंगलेले राहिले. विकासक कोण असावा, यावर तर त्याहूनही अधिक. पण ‘विकासकाने बँक हमी दिल्याशिवाय कोणीही घर रिकामे करू नये’ हे आजींचे विधान दोन्ही तटांना मान्य निघाले. सभेत ते विषयपत्रिकेवर पहिले होते आणि दहा मिनिटांत मंजूर झाले. उरलेल्या चाळीस विधानांवर वाद चालू आहे.