तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅक्टर शिकायला किती दिवस लागतात?

लग्नात, बाजारात, कुठंही भेटलं की बायका हे विचारतातच, "ताई, ट्रॅक्टर किती दिवसात येतो हो?" आणि परवा एका आईनं विचारलं की माझ्या चौदा वर्षाच्या पोराला शिकवाल का. म्हणून सविस्तर सांगते.

पुढं न्यायला चार दिवस पुरतात. पण मी शिकवते तेव्हा पहिले दोन दिवस इंजिन चालूच करत नाही. नुसतं चढायचं, उतरायचं, क्लच कुठं, ब्रेक कुठं, डोळे मिटून पाय तिथंच पडला पाहिजे. मला आमच्या आप्पांनी, म्हणजे चुलत्यांनी असंच शिकवलं, आणि ते का ते मला कळलं बारावीच्या सुट्टीत.

आमचं रान वाळवा तालुक्यात नदीकडंला, काळी चिकट माती. पावसानंतर उसाची ट्रॉली जोडून मी निघाले आणि ट्रॅक्टर रुतला. मी लो गियर टाकला, रेस वाढवली आणि क्लच एकदम सोडला. पुढची चाकं उचलली. समोरचा बांध बॉनेटनं झाकला गेला आणि त्याच्यावर नुसतं आभाळ दिसत होतं, एवढंच मला आठवतंय. आप्पा ओरडले, "क्लच दाब!" पाय आपोआप गेला आणि पुढचं तोंड धाडकन खाली आपटलं.

तेवढ्यात शेजारच्या रानातली माणसं ओंडका घेऊन आली, मागच्या चाकाला साखळीनं बांधतो म्हणाली. आप्पांनी हात लावू दिला नाही. चाक अडकलं की इंजिनची ताकद चाक फिरवू शकत नाही, मग ती अख्खं धड मागं फिरवते, आणि ट्रॅक्टर एक-दीड सेकंदात चालवणाऱ्याच्या अंगावर पालथा होतो. उडी मारू म्हणाल तर तेवढा वेळच नसतो. साखळी ड्रॉबार, म्हणजे ट्रॉली जोडायची मागची खालची दांडी, सोडून वर टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडदांड्याच्या, जागी अडकवून ओढलं तरी तेच होतं. आम्ही ट्रॉली सोडली, खोऱ्यानं चाकामागची माती काढली, पाचट घातलं आणि रिव्हर्समधे हळूहळू बाहेर काढला. पाऊण तास गेला, जाऊ दे.

स्वीडनमधे १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला सीटच्या वर लोखंडी चौकट सक्तीची आहे, पालथा झाला तरी माणसाला जागा राहते. चौकट असेल तर त्या जागेतच राहायला सीटचा पट्टा लावायचा, नसेल तर पट्टा लावायचा नाही. आपल्याकडं अशी चौकट क्वचितच दिसते, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणारी जोडणी. मागनं रोटाव्हेटरला, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती फोडणाऱ्या अवजाराला, फिरवणारा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक त्याला लागलं तर "अगं" म्हणायच्या आत माणूस ओढला जातो. म्हणून ओढणी, पदर, सुटे केस, काहीच नको, आणि कव्हर तुटलेला शाफ्ट मी जोडतच नाही, कुणी कितीही घाई केली तरी. पात्यात काही अडकलं तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, सगळं फिरायचं थांबलं की मगच उतरायचं.

ब्रेकची दोन पेडलं असतात, शेतात कोपऱ्यावर वळताना एकच दाबतात. रस्त्यावर येताना ती दोन्ही खिटीनं जोडायची, विसरलात आणि वेगात एकच दाबलं तर ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जातो. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, आधीच खालचा गियर टाकायचा. खाली उभं राहून स्टार्टरला पाना लावून चालू करणारे खूप बघितलेत, गियरमधे असला तर तो सरळ अंगावर येतो. आणि मडगार्डवर कुणालाही बसवायचं नाही, पोरांना तर नाहीच, एका धक्क्यात मागच्या चाकाखाली जातात.

त्या आईला मी सांगितलं, अठरा झाल्यावर, लायसन्स काढल्यावर घेऊन या. तोवर त्याला बांधावर उभा करा आणि लांबनं बघू द्या. त्याचं तोंड उतरलं होतं, म्हणून डिझेल आणि पाणी कसं तपासायचं ते मात्र त्याच दिवशी इंजिन बंद ठेवून दाखवलं.