घड, फण्या आणि स्तंभालेख

लेक सहावीत गेली आणि ‘पप्पा, गणित तुम्हीच घ्या’ असा हुकूम सुटला. अपूर्णांक कसेबसे पार पडले. मग आले चित्रालेख (आकडे चित्रांनी दाखवायचे) नि स्तंभालेख (आकडे उभ्या स्तंभांच्या उंचीने दाखवायचे). मुलं या धड्याकडे चित्रकलेचा तास समजूनच बघतात.

आम्ही रावेरच्या केळी पट्ट्यातले, म्हणून चिन्ह केळीच्या घडाचं घेतलं : 1 चित्र = 10 घड. चार शेतांतल्या कापणीचे आकडे मीच मनाने दिले : 40, 30, 45, 43. चाळीसला चार चित्रं, पंचेचाळीसला साडेचार. गाडी अडली ती 43 वर. उरलेले तीन दाखवायचे कसे? लेकीनेच तोडगा काढला : चित्रातल्या प्रत्येक घडाला मोजून दहा फण्या (घडातले केळ्यांचे झुपके) काढायच्या, मग तीन फण्या म्हणजे 3 घड! मला जाम आवडलं. पण परीक्षेत एवढ्या फण्या काढत कोण बसणार? अशा अडनिड्या संख्यांना स्तंभालेखच बरा. आणखी एक, संख्या मोठी म्हणून घड मोठा काढायचा नाही. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, कागदावर जागा चौपट जाते आणि डोळा फसतो.

स्तंभालेखाला 2011 च्या जनगणनेतली खानदेशाची लोकसंख्या घेतली, ढोबळमानाने : जळगाव 42 लाख, धुळे साडेवीस, नंदुरबार साडेसोळा. प्रमाण ठरवण्यातच निम्मं काम असतं. 1 सेमी = 1 लाख धरलं तर जळगाव 42 सेमी, म्हणजे वहीच्या बाहेर. 1 सेमी = 5 लाख धरल्यावर उंची आली 8.4, 4.1 आणि 3.3 सेमी, आलेख कागदावर बारीक रेघा मोजून नेमकी काढता येते. स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतरही सारखं. प्रमाण वरच्या उजव्या कोपऱ्यात आधीच लिहून टाकायचं, नंतर हमखास राहतं.

वाचताना खरा घोळ ‘किती जास्त’ आणि ‘किती पट’ यांत होतो. जळगाव नंदुरबारपेक्षा साडेपंचवीस लाखांनी जास्त, पण पट विचारली तर सुमारे अडीच.

मग त्याच जनगणनेतली साक्षरता घेतली : जळगाव 78 टक्के, धुळे 73, नंदुरबार 64. मुद्दाम तिला उभा अक्ष 60 पासून सुरू करायला सांगितला. नंदुरबारचा स्तंभ जळगावच्या पावभागही भरेना! ‘तिथे कोणी शाळेतच जात नाही का?’ तिचा प्रश्न. शून्यापासून पुन्हा काढल्यावर तिन्ही स्तंभ बरेच जवळ आले. फरक दिसत होता, पण जेवढा आहे तेवढाच. अक्ष मधूनच सुरू करायचा तर खाली नागमोडी खूण करतात, ती कशासाठी हे तिला तेव्हा पटलं.

आता पेपरात आलेख दिसला की ती आधी उभ्या अक्षाचा सगळ्यात खालचा आकडा शोधते. बऱ्याचदा तिथे आकडाच छापलेला नसतो.