चूक सापडली नाही

नोव्हेंबर लागला की आमच्या बँकेच्या इंदूर शाखेत दहाच्या आधीच सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात. हयातीच्या दाखल्यांचा महिना. लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडची बरीच मराठी मंडळी आमचे खातेदार आहेत आणि पेन्शनचं टेबल माझ्याकडे, त्यामुळे निम्म्याअधिक लोकांना मी नावानिशी ओळखते.

2024 च्या नोव्हेंबरात एके दिवशी दोन काका जोडीने आले. साडू-साडू. एक राज्य सरकारचे निवृत्त शिक्षक. दुसरे पीथमपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते, 1983 ला लागलेले, 2009 च्या नोव्हेंबरात 58 पूर्ण झाली म्हणून निवृत्त. शिक्षक काकांचं काम दोन मिनिटांत झालं. लेथवाल्या काकांचा अंगठा मात्र मशीन घेईना. त्यांनी तो धोतरावर पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला. सव्वीस वर्षं लोखंड हाताळून बोटाच्या रेषाच गेलेल्या. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढला.

"झालं काका, आता वर्षभर काळजी नाही," मी म्हटलं. ते उठले नाहीत. पिशवीतून सुतळीने बांधलेला पासबुकांचा गठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

सहा पासबुकं होती. दर महिन्याच्या पेन्शनच्या ओळीखाली पट्टी लावून पेन्सिलीने रेघ मारलेली. 1586. पुढच्या महिन्यात 1586. काही पानांवर छपाई पुसट झाली होती, तिथे त्यांनी आकडा हाताने पुन्हा लिहिला होता. मी पहिलं पासबुक उघडलं, मग शेवटचं. आकडा तोच.

"ताई, बँकेकडून काहीतरी राहिलंय," ते म्हणाले. "यांचं वर्षातून दोनदा वाढतं. माझं पंधरा वर्षांत एक रुपया नाही. कुठेतरी नाव अडकलं असणार. शोधा जरा, मागची जी काय बाकी निघेल ती निघेल."

सोबत एक कागदही होता. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अंदाज, 38000 रुपये, खाली ठेकेदाराचा फोन नंबर. पावसाळ्यात गळतं म्हणाले, एकरकमी बाकी मिळाली की करून घेईन.

मी स्क्रीनवर त्यांचं खातं उघडलं. खरं तर उघडायची गरज नव्हती, पण लगेच "नाही" म्हणवेना. मग आतल्या केबिनमध्ये दोघांना बसवलं आणि चहा मागवला.

त्यांचं पेन्शन 1995 च्या योजनेचं, पीएफवाल्यांचं. त्याचा हिशोब कागदावर मांडता येतो. त्या वेळी पगाराची मर्यादा 6500 होती. प्रत्यक्ष पगार कितीही असो, पेन्शनसाठी तेवढाच धरायचा. गुणिले नोव्हेंबर 1995 नंतरची 14 वर्षं, भागिले 70. झाले 1300. त्याआधीच्या नोकरीचे थोडे वर, असे 1586. मी हे त्यांच्याच कागदाच्या पाठीमागे लिहून दाखवलं. काका लेथवर माप घेणारे, त्यांनी भागाकार स्वतः पुन्हा करून पाहिला. बरोबर आला.

"म्हणजे चूक नाही?"

"नाही, काका."

इतक्या वर्षांत टेबलावर मी वाईट बातम्या पुष्कळ दिल्यात, पण चूक नाही हे सांगताना इतकं जड कधी गेलं नव्हतं. चूक असती तर दुरुस्त झाली असती.

शिक्षक काका अस्वस्थ झाले होते. त्यांचं पेन्शन 2009 मध्ये महागाई राहत, म्हणजे पेन्शनरांचा महागाई भत्ता, धरून दहा-अकरा हजार होतं, आता बत्तीस हजारांच्या वर. "आमचंही सुखासुखी नाही हो," ते म्हणाले, "केंद्राने वाढ दिली की आम्ही छत्तीसगडच्या पत्राची वाट बघत बसतो." हे खरं आहे. 2000 मध्ये मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा जुन्या पेन्शनचा बोजा सुमारे 74 आणि 26 टक्के असा वाटला गेला, आणि पुनर्रचना कायद्याच्या कलम 49 वर बोट ठेवून मध्य प्रदेशच्या पेन्शनरची राहत वाढवताना छत्तीसगडची संमती मागितली जाते. महिनेच्या महिने त्यात जातात. पण उशिरा का होईना, त्यांची वाढ येते.

लेथवाल्या काकांनी विचारलं, "यांना वाढ ठरवतं कोण?" तेव्हा मी त्यांना केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोचं सांगितलं. देशभरातल्या 88 केंद्रांतल्या 317 बाजारांतून भाव गोळा होतात आणि त्यातून औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक निघतो. आपलं इंदूरही त्यातलं एक केंद्र. त्या निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर केंद्र जानेवारी आणि जुलैची वाढ ठरवतं, राज्यं त्यामागून चालतात.

"औद्योगिक कामगारांचा?" काका म्हणाले. "म्हणजे माझाच की."

मला उत्तर सुचलं नाही. कामगाराच्या घरखर्चावरून काढलेला आकडा मास्तरांचं पेन्शन वाढवतो आणि त्या कामगाराचं वाढवत नाही. यात मास्तरांचा काही दोष नाही आणि त्यांचं एका पैशानेही कमी होऊ नये असंच मला वाटतं.

फरक पैसा कुठून येतो त्याचा आहे. मास्तरांच्या पेन्शनसाठी पेटी अशी नाहीच, दरवर्षी सरकारी तिजोरीतून, म्हणजे आजच्या करांतून ते दिलं जातं. काकांच्या योजनेला पेटी आहे. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या 8.33 टक्के तिच्यात पडायचे, 6500 वर महिन्याला 541 रुपये, आणि सरकारचे 1.16 टक्के. त्या पेटीचं मूल्यांकन होतं, तिच्यातून कोट्यवधी लोकांना आयुष्यभर द्यायचं असतं. महागाईप्रमाणे वाढ द्यायची तर तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून जास्त रक्कम बाजूला पडायला हवी होती, किंवा सरकारने ती घालायला हवी. दोन्ही झालं नाही. सप्टेंबर 2014 मध्ये किमान पेन्शन 1000 झालं, पण काकांचं त्याहून वर, त्यामुळे त्यांना त्यातलं काही नाही. 7500 आणि महागाई भत्ता द्या म्हणून पेन्शनर आंदोलनं करतायत. त्याला पैसा लागेल हे मी टेबलावर बसून रोज बघते, तरी मला ती मागणी रास्त वाटते. वाढीची तरतूद नसलेलं पेन्शन दरवर्षी थोडंथोडं कापलं जातं, फक्त पासबुकात तसं छापून येत नाही.

नंतर मी हिशोब केला. नोव्हेंबर 2009 ला निर्देशांक 168 होता. नोव्हेंबर 2024 चा 144.5, तो नव्या मालिकेतला, जुन्यात बदलायला 2.88 ने गुणायचं, म्हणजे 416. जवळजवळ अडीच पट. काकांचे 1586 आज 640 रुपयांचं काम करतात. तेव्हाइतकंच सामान आणायला 3900 च्या वर लागतील.

मी स्वतः 2012 ला लागले, म्हणजे एनपीएसवाली, नव्या पेन्शन योजनेतली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे निवृत्तीच्या वेळी जमा रकमेतून निदान चाळीस टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून आयुष्यभराचं पेन्शन, घ्यायची होती, आणि साधी ॲन्युइटी आयुष्यभर एकाच आकड्यावर थांबते. माझ्या एनपीएसचा कागद मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला.

त्या दिवशी काका चहा संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "तरी अर्ज लिहू या. पीएफ ऑफिसला." मी सांगितलं की तिथल्या साहेबांच्या हातात हे नाही, कायदाच तसा आहे. "असू दे. कागद तर जाईल." मी हिंदीत अर्ज लिहायला घेतला. नाव, पेन्शनचा पीपीओ नंबर, निवृत्तीची तारीख. विषय काय लिहू विचारलं, पेन्शनवाढीबाबत लिहू का?

"वाढ नको लिहू," ते म्हणाले. "लिही, मला 2009 चे 1586 द्या. तेवढेच द्या, पण तेव्हाचे."

मी त्याचं हिंदी करून लिहिलं. त्यांनी मोडीच्या वळणाची सही केली. शिक्षक काकांनी अर्जाच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या, एक साडूंच्या पासबुकांच्या गठ्ठ्यात ठेवली आणि सुतळी पुन्हा स्वतः बांधली. मूळ अर्ज त्याच दुपारी स्पीड पोस्टने गेला. गच्चीच्या अंदाजाचा कागद, पाठीमागे भागाकार असलेला, टेबलावरच राहिला होता. दुसऱ्या दिवशी घरी जाताना मी तो त्यांना नेऊन दिला.