क्लच दाबला की सेल्फ उचलतो

पूर्ण बंद पडलेली गाडी मला आवडते. मीटर लावा, तुटलेली तार शोधा, जोडा, मोकळे. डोकं खाते ती ‘कधी कधी सुरू होत नाही’वाली. गॅरेजात आली की गुणी बाळासारखी पहिल्या चावीला सुरू होते, आणि गिऱ्हाईक घरी पोचायच्या आत त्याचा फोन येतो.

गोव्यातल्या मांद्र्याच्या निवृत्त मास्तरांची मारुती ८०० ही त्यातलीच. १९९६ची, कार्बोरेटरवाली, जीए-०१ पासिंग. त्या शुक्रवारी म्हापशाचा बाजार ऐन भरात असताना गाडी रस्त्यातच अडली, मागे हॉर्नचा गोंधळ, आणि शेवटी दोघा मासळीवाल्यांनी धक्का मारून तिला माझ्याकडे आणून सोडली. सर आणि बाई दोघंही बरोबर होते, दोघंही तापलेले.

माझ्याकडे येण्याआधी गाडी दोन ठिकाणी फिरून आली होती. नवी बॅटरी बसली होती, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उघडून कार्बन आणि बुश बदलले होते, इग्निशन स्विचही नवा होता. तरी दुखणं जागच्या जागी.

बाई म्हणाल्या, “मी चावी फिरवली की नुसतं टक् होतं. ह्यांनी फिरवली की लागते. मग बोलणी मला.”

सर म्हणाले, “गाडी हात ओळखते हो.”

अशा बोलण्यावर मी हसतो, पण ते सोडून देत नाही. दोन माणसांच्या हातून एकच गाडी वेगळी वागते, तेव्हा ती दोन माणसं काहीतरी वेगळं करत असतात. एवढं धरून चालायचं.

माझ्या हातून अर्थातच लगेच सुरू झाली. बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्ट, म्हणजे ठीक. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना १३.२. तिथे साधारण १४ दिसायला हवे होते. चालू इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा दोष म्हणावा तर त्याच्या स्वतःच्या बॉडीवर मीटर धरला की पुरते १४ मिळत होते. वीज तयार होत होती, वाटेत कुठेतरी मुरत होती.

सरांनी जन्मभर हजेरीपट सांभाळले, त्यामुळे गाडीची सगळी बिलं फाईलमध्ये क्रमाने लावलेली. चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली: क्लच केबल, पुन्हा क्लच केबल, परत क्लच केबल. सर म्हणाले, “हल्लीचा माल. सहा-आठ महिन्यांत पायाला जड होते.” मला ते पटेना. बरी बसवलेली केबल वर्षानुवर्षं जाते. मी गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून पाहिलं. बाहेरचं काळं प्लास्टिक फुगलेलं, आणि आतली पांढरी नळी वितळून तारेला चिकटलेली. तिथे सायलेन्सर नाही, ऊन नाही. केबल आतून तापत होती, म्हणजे तिच्यातून करंट वाहत होता.

सेल्फ फिरवताना एवढ्याशा इंजिनालाही शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो. बॅटरीतून तो जाडजूड लाल केबलने सेल्फमध्ये जातो हे सगळ्यांना दिसतं, पण त्याला परत बॅटरीच्या निगेटिव्हलाही यावं लागतं, आणि तो येतो इंजिनाच्या धातूतून. इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये अर्थिंगची विणलेली तांब्याची पट्टी असते. ती गेली की करंट मिळेल ती धातूची वाट धरतो: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, चोकची तार.

केबल पुन्हा अडकवली आणि बाईंना सीटवर बसायला सांगितलं. “गाडी न्यूट्रलला, क्लचवर पाय नको. नेहमी लावता तशीच लावा.” त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग चावी फिरवली. टक्. हेडलाइट लावून ठेवले होते, ते जराही मंद झाले नाहीत. बॅटरी कमजोर असती तर दिवे पिवळे पडले असते. इथे सेल्फमधून करंट वाहतच नव्हता. मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमवर. चावी फिरवली की काटा नऊ व्होल्टच्या वर. दोन दशांशाच्या आत यायला हवा तिथे नऊ!

“आता क्लच पूर्ण दाबून लावा.”

रडतखडत का होईना, इंजिन फिरलं आणि लागलं. केबलवर बोट ठेवून उभा असलेला माझा पोरगा “आई गं!” करून मागे सरला.

सर नेहमी क्लच दाबून गाडी लावतात, त्यांना तशीच शिकवलेली. क्लच दाबला की केबल ताणली जाते, दोन्ही टोकांना धातूला धातू घट्ट टेकतो, आणि तेवढ्यावर सेल्फ कसाबसा फिरतो. बाई न्यूट्रलला पाय न लावता लावतात. केबल सैल, वाट बंद. हात ओळखण्याचा प्रकार तो एवढाच.

पट्टी बॅटरीच्या खाली, चिखल आणि ऑइलच्या थराखाली होती. वरून धडधाकट. बोटाने जरा ओढली तर लगमधून, म्हणजे बोल्टाखालच्या टोकाच्या कडीतून, सुटून हातात आली. तोंडाशी हिरवी भुकटी आणि चार-पाच धागे. समुद्राकाठच्या गाड्यांत हे मी बरंच पाहतो. आधीच्या गॅरेजांत तार जोडलेली आहे का ते सांगणारा मीटरचा ‘बीप’ लावून पाहिलं असेलही, पण मीटर चाचणीला जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो, त्याला एक धागाही पुरतो. शंभर अँपिअर जाताना ओहमचा शंभरावा भागही एक व्होल्ट खातो. अर्थिंग तपासायचं तर सेल्फ मारताना, व्होल्टमध्ये. त्यातून नवी बॅटरी बसवणाऱ्याने तयार निगेटिव्ह केबल फक्त बॉडीला आवळली होती, म्हणून सगळा भार या चार धाग्यांवर.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला २५ चौरस मिलिमीटरची नवी केबल टाकली, बॉडीला वेगळी पट्टी. बोल्टाखालचा रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला, आवळल्यावर वरून व्हॅसलिन. क्लच केबल सगळ्यात शेवटी बदलली, आधी बदलली असती तर तीही भाजली असती. सेल्फ मारताना आता ०.१५ व्होल्ट, चालू इंजिनावर बॅटरीला १४.१.

बिल पाहून सरांनी फाईल पुन्हा उघडली. “म्हणजे जुनी बॅटरी चांगली होती?”

“बहुतेक होती. चार्जच पुरा मिळत नव्हता तिला.”

“आणि ह्यांनी ती भंगारात घातली,” बाई म्हणाल्या, आणि चावीसाठी हात पुढे केला.