विश्वामित्रीचा काठ आणि मगरींचा प्रश्न

ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने पस्तीस फुटांची पातळी ओलांडली, आणि त्या तीन दिवसांत वनखात्याने शहरातील वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या. त्यांत दोन फुटांच्या पिल्लांपासून चौदा फुटांच्या मगरीपर्यंत सर्व आकार होते. त्यानंतर दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील आपल्या मराठी मंडळींत एक सूचना वारंवार ऐकू आली: या मगरी एकदाच्या उचलून लांब नेऊन सोडाव्यात. अंगणात पाणी भरलेले असताना वाटणारी भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तरीही ही सूचना मला पटत नाही, कारण मगर कोठे राहील हे तिला कोठे सोडले यापेक्षा काठ कसा आहे यावर अधिक अवलंबून असते.

पावागडच्या डोंगरांतून निघालेली ही नदी शहरातून नागमोडी वाहत जाऊन ढाढरला मिळते आणि पुढे खंभातच्या आखाताकडे जाते. तिच्या दोन्ही बाजूंची सखल जमीन, कोतरे (घळी) आणि कांसा (पावसाळी ओढे) हे पुराचे पाणी पसरण्याचे मार्ग होते. गेल्या काही दशकांत तेथे भराव घालून सोसायट्या उभ्या राहिल्या. पाणी मात्र जुन्याच वाटेने येते, आणि त्या पाण्याबरोबर मगरही येते.

मगरीची मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पाण्याच्या पातळीपासून बऱ्यापैकी उंचावरच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि सुमारे दोन महिने तेथे पहारा देते. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातील तापमानावर ठरते. म्हणजे काठावरची सावली, मातीचा पोत आणि उतार यांत केलेला बदल थेट पुढच्या पिढीत उतरतो. ऊन आणि थंडी टाळण्यासाठी मगरी काठात बिळेही खणतात. दगडी पिचिंगच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत यांपैकी काहीही शक्य नाही. मगर तेथून पोहत जाईल, परंतु वंश वाढवण्यासाठी थांबणार नाही.

याची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. शहराचे सांडपाणी नदीत येत असल्यामुळे भर उन्हाळ्यातही पात्र कोरडे पडत नाही, आणि मासे, भटकी कुत्री, डुकरे, टाकलेली मेलेली जनावरे असे खाद्य आयते मिळते. म्हणजे ज्या शहराने काठ हिरावले, तेच शहर मगरींना पोसतेही आहे. नदीत आज सुमारे ४४० मगरी असल्याचा अंदाज आहे. त्यामागे कायद्याचे संरक्षण जसे आहे, तसे हे घाणेरडे पाणीही असावे, असे माझे मत आहे. सुरत-तापीकडच्या उसात बिबट्या असाच टिकून आहे. माणसाने जमीन बदलली की प्रत्येक मांसभक्षक हरतो असे नाही. काही प्राणी जुळवून घेतात, आणि मग संघर्ष अधिक जवळ येतो.

लांब नेऊन सोडण्याबाबतही अनुभव उत्साहवर्धक नाही. ऑस्ट्रेलियात उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे लावून दूर नेलेल्या खाऱ्या पाण्यातील मगरी शेकडो किलोमीटर पोहून मूळ ठिकाणी परतल्या. आपल्या मगरी तितक्या लांब पोहतील असे मी म्हणत नाही. पण रिकामी झालेली जागा दुसरी मगर घेईल, इतके तरी निश्चित.

चरोतरातील (आणंद-खेडा भागातील) मलातज, देवा या गावांत लोक तळ्याच्या काठी मगरींसह राहतात. तेथे खोडियार मातेचे वाहन म्हणून मगरीला मान आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळ्याचे काठ अजून मातीचे आहेत. बडोद्याला श्रद्धा उसनी घेता येणार नाही, पण काठ राखता येतील. नदी खोल आणि रुंद करण्याचे काम पावसाळ्यापूर्वीच उरकण्याची घाई समजण्यासारखी आहे, परंतु अंडी घालण्याचे महिने नेमके तेच आहेत. निदान जेथे घरटी आढळतात ते पट्टे त्या काळापुरते सोडावेत आणि उताराचा काही भाग झाडोऱ्यासह कच्चाच ठेवावा. पुराच्या दृष्टीनेही सपाट भिंतीपेक्षा असा काठ अधिक पाणी मुरवतो.