वखारीतली हवा

वखारीत सागवान घनफुटावर विकतात. बल्लारशाचं म्हटलं की भाव चढतो, गाठ दिसली की उतरतो. पण या घनफुटात आहे काय, हे पाहिलं तर उत्तर जरा चमत्कारिक निघतं: बरीचशी हवा! मुरलेलं सागवान घनफुटाला अठराएक किलो भरतं. त्यातला दोनेक किलो ओलावा सोडला, तर उरलेल्या सोळातला जवळजवळ निम्मा, म्हणजे आठएक किलो कार्बन. तो मातीतून आलेला नाही. मातीनं पाणी दिलं आणि जाळल्यावर राखेत सापडतील तेवढे क्षार दिले.

आणि हवेत तरी तो किती विरळ असावा! दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे चार-सव्वाचार. दहा फूट लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच खोली घेतली, तर तिच्यात हा वायू जेमतेम २१ ग्रॅम. चार चमचे साखर समजा. आठ किलो कार्बनसाठी वायू लागतो २९ किलो, कारण १२ भाग कार्बनमागे वायूचं वजन ४४. म्हणजे एका घनफुटासाठी अशा १४०० खोल्यांची हवा पार निथळून घ्यायची. तीही झाडाला पुरत नाही. पानांनी केलेल्या साखरेतली साधारण निम्मी झाड स्वतःच्याच श्वसनात खर्च करतं. लाकडात जमा होते ती उरलेल्यातली शिल्लक.

उभ्या झाडातली ही शिल्लक न तोडता मोजता येते. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळायचा, घेराला ३.१४ नं भागायचं, की व्यास मिळतो; व्यास आणि उंचीवरून वजन. उतारावर असाल तर चढाच्या बाजूला उभं राहायचं. त्या उंचीच्या खालीच झाड दुभंगलं असेल, तर दोन्ही खोडं वेगळी धरायची. टेप तिरका झाला की घेर फुगतो, आणि घेरातली १० टक्क्यांची चूक वजनात २० टक्के होऊन बसते, कारण हिशोबात व्यासाचा जवळपास वर्ग येतो. ९४ सेंमी घेराचा, १२ मीटर उंच साग सुक्या वजनात साडेतीनशे किलोच्या आसपास. मुळांचे पाव हिश्शानं ८०-९० किलो मिळवा. कार्बन दोनशे किलो, वायूच्या भाषेत साडेसातशे. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो वायू निघतो. तेव्हा एवढ्या वाढलेल्या सागाची सारी कमाई म्हणजे छोट्या गाडीच्या नऊ-दहा टाक्या. सावर कितीही जाड दिसली तरी तिच्या काडेपेटीच्या लाकडाला वजन नाही. तेवढ्याच घेराचा खैर दुपटीहून जड भरतो.

नव्या लागवडीचं गणित इथेच फसतं. ३ बाय ३ मीटरवर हेक्टरी ११११ रोपं बसतात, ऐकायला भरघोस. पण अंगठ्याएवढ्या जाडीचं रोप वाळवलं तर पावशेरच्या आसपास. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी रोपांचं लक्ष्य धरलं होतं. अशा आकड्यांतून फार तर खड्डे कळतात. पिशवी न फाडता लावलेलं रोप दोन वर्षं हिरवं दिसतं, मग गोल गुंडाळलेली मुळं स्वतःचाच गळा आवळतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी नाही, कुंपण नाही, की उरलेलं काम शेळ्या करतात. आणि माळरानावर जेसीबी फिरवून खड्डे घेणं तर उलटा धंदा. गवताचा कार्बन जमिनीखाली असतो. माती उकरली, तिला हवा लागली, की जीवाणू तो खाऊन वायू करून सोडतात.

त्यापेक्षा पुष्कळ डोंगरांवर जंगल आधीच हजर असतं, फक्त गुडघ्याएवढं. साग, ऐन, धावडा तोडले तरी बुंध्यातून फुटवे येतात. पळस मुळांवरूनही फुटतो. खाली जुन्या मुळांचं जाळं शाबूत असल्यानं फुटवा रोपापेक्षा कितीतरी वेगानं वर येतो. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, दोनेक वर्षांनी प्रत्येक बुंध्यावर एक-दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे. खर्च माणसं राजी करण्याचाच. तोच जास्त, हे खरं.

शत्रू एकच उरतो, वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीचा थर पडतो, तो कुजून मातीत जायचा. पण जाळलं की गवत चांगलं फुटतं, म्हणून त्याआधीच कुणीतरी काडी ओढतो. मोठी झाडं सालीमुळे वाचतात. फुटवे मात्र पुन्हा जमिनीला टेकतात आणि पुढच्या पावसात तिथूनच सुरुवात करतात. दरवर्षी लागणाऱ्या वणव्यात वीस वर्षांचं झाडही कंबरेएवढंच दिसतं. म्हणून पानं गळायच्या आत जाळरेषा काढायची: कडेचा पट्टा झाडून, गवत कापून कोरा करायचा.

कापलेलं झाड मात्र लगेच हिशोबातून जात नाही. पेशवाईतल्या वाड्याच्या तुळईत तेव्हाची हवा अजून धरलेली असते, वाळवी आणि गळकं छप्पर यांच्यापासून वाचली तर. वाडा पडला की तुळई जुन्या बाजारात जाते, रंधा मारला की आतून पिवळीधमक निघते. तिचं टेबल होतं. ढलप्या बंबात जातात.